रकान्याबाहेरची गरमी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या गावी माणूस मेला, की त्याच्या मरणाची वर्दी कोतवाल देत असे. ठरलेल्या वारी तो ठाण्यावर जाई, गावात कोण जन्मले, कोण गेले ते सांगे आणि तिथला मुन्शी ते रजिस्टरात चढवी. मरणाच्या कारणांसाठी रकाने मोजकेच होते: पटकी, देवी, ताप, हगवण, जखम-अपघात, पुढे प्लेग आणि श्वासाचे विकार. यांपैकी कशातच न बसणाऱ्यांसाठी ‘इतर कारणे’. पाय सुजून, चेहरा फुगून, लघवी कमी होत होत एखादा चाळिशीतला माणूस गेला, तर त्याची बोळवण एक तर तापात होई, नाही तर ‘इतर’मध्ये. छातीत कळ येऊन कुणी शेताच्या बांधावर कोसळला, तरी तेच. एखाद्या बाईची तीन-चार मुले पोटातच गेली, तर ती कुणाची बाधा समजली जाई. तिला रोगाचा रकानाच नव्हता. गरमीची, म्हणजे उपदंशाची, नोंद या रजिस्टरात कुठेच होत नसे. पण त्याच वर्षांत, भंडाऱ्याहून काही मजलांच्या अंतरावर कामठीच्या छावणीत, याच रोगासाठी वेगळे इस्पितळ होते, वेगळी वही होती आणि त्या वहीत बायकांची नावे क्रमांकासह लिहिली जात. रोग एकच, पण छावणीत तो आकड्यांनी मोजला जात होता आणि खेड्यात त्याचे नावही निघत नव्हते. या विषम मोजणीमुळे गरमी ही शिपाई आणि वेश्या यांची, कातडीवरची, लाजेची बाब आहे ही समजूत आपल्याकडे पक्की झाली. हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंड पोखरणारा रोग म्हणून आपण तिच्याकडे फारसे पाहिलेच नाही. त्याची किंमत छावणीबाहेरच्या घरांनी मोजली, असे मला इथे मांडायचे आहे.

आधी रोगाची चाल पाहू, कारण पुढचा सारा इतिहास तिच्यावर अवलंबून आहे. उपदंशाचा जंतू मळसूत्रासारखा बारीक, अतिशय सावकाश वाढणारा. शिरकाव झाल्यावर साधारण तीन आठवड्यांनी तिथे एक चट्टा उठतो. तो दुखत नाही, आणि उपचार न करताही आपोआप बुजतो. रोगी सुटकेचा श्वास टाकतो, पण जंतू तोवर रक्तात पोचलेले असतात. काही आठवड्यांनी अंगावर, विशेषतः तळहात-तळपायांवर पुरळ येते, गाठी येतात, केस पुंजक्यांनी गळतात. हेही ओसरते. यानंतर वर्षानुवर्षे शांतता. नेमक्या या शांततेत आतले काम चालू असते. लहान रक्तवाहिन्यांच्या भिंती सुजून त्यांचा मार्ग चिंचोळा होतो. महारोहिणीच्या भिंतीला रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्याच बंद पडत गेल्या, की ती भिंत कमजोर होऊन फुगते, हृदयाची झडप नीट मिटत नाही, आणि दहा-वीस-तीस वर्षांनी माणूस दगावतो. मेंदूत आणि मज्जारज्जूत गेला तर चाल बिघडते, स्मृती जाते, वेड लागते. यकृतात, हाडांत गाठी होतात. मूत्रपिंडाची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे इजा बहुधा जंतू थेट करत नाही. जंतूचे अंश आणि त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये यांची जोडगोळी रक्त गाळणाऱ्या पडद्यावर साचते, पडद्याची भोके सैल होतात आणि रक्तातले प्रथिन लघवीवाटे वाहून जाते. लघवीला फेस, सकाळी डोळ्यांखाली सूज, संध्याकाळी पायांवर सूज. आणि हे विसाव्या वर्षी नव्हे, तर पुरळाच्या काळातच, म्हणजे लागण होऊन काही महिन्यांतच घडू शकते. आईकडून गर्भाला रोग गेला, तर दोन-तीन महिन्यांच्या तान्ह्या मुलातही हीच सूज दिसते.

हा रोग आतवर जातो, हे आपल्याकडच्या वैद्यांना माहीत नव्हते असे नाही. सोळाव्या शतकात भावमिश्राने ‘भावप्रकाश’ लिहिला. त्यात फिरंगरोगाचे, म्हणजे याच गरमीचे, बाह्य, आभ्यंतर आणि दोन्ही मिळून असे तीन प्रकार आहेत. उपद्रवांच्या यादीत कृशता, बलक्षय, अग्निमांद्य, नाक बसणे, हाडे झिजणे आणि वाकणे हे सारे आहे. त्याच शतकात गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने, अहमदनगरच्या निजामशाही दरबारात ज्याची ऊठबस होती त्याने, १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या संवादग्रंथात या रोगावरच्या चोपचिनीला एक अख्खे प्रकरण दिले. पण मुख्य औषध होते पारा. भावमिश्राने सांगितलेली रीत मोठी बारकाईची आहे: पाऱ्याचा कल्प कणकेच्या गोळीत भरायचा, वरून लवंगेची पूड लावायची, दाताला न लागू देता पाण्याबरोबर गिळायचा, मागून विडा खायचा, आणि आंबट, खारट, उन्हातान्हात फिरणे, कष्ट, स्त्रीसंग वर्ज्य. दाताला न लागू देण्याची ती काळजीच सांगते, की औषध किती जहाल होते. युरोपातही तोंडाला लाळ सुटेपर्यंत पारा चोपडत. त्याने चट्टे जात, आणि मूत्रपिंडेही बिघडत. पारा स्वतःच त्या गाळणाऱ्या पडद्याला तसलीच इजा करतो. त्यामुळे शतकभर एक गुंता राहिला: १८१३ साली इंग्लंडात जॉन ब्लॅकॉलने सूज आलेल्या रोग्यांच्या लघवीत प्रथिन दाखवले तेव्हा त्यातल्या काहींबाबत संशय पाऱ्यावर होता, तर १८४० साली फ्रान्सच्या पिएर रायेने खुद्द उपदंशाकडे बोट दाखवले. दोघांचे म्हणणे आपापल्या जागी खरे होते. हा गुंता केवळ पुस्तकी नाही. काही वर्षांपूर्वी अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींना मूत्रपिंडाचा विकार जडला, तो मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात शोधता शोधता माग लागला तो गोरेपणाच्या मलमातल्या पाऱ्याचा. सुजलेल्या विदर्भी रोग्यासमोर बसलेल्या डॉक्टरला आजही पारा आणि उपदंश ही दोन्ही नावे आठवावी लागतात.

इतके ज्ञान असताना मोजणी मात्र छावणीतच का झाली? कारण मोजणारा सरकारी होता आणि त्याला काळजी फौजेची होती. कामठीची छावणी १८२१ साली कन्हानच्या काठी वसली, नागपूरकर भोसल्यांच्या दौलतीवर नजर ठेवण्यासाठी. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी वारले, दौलत खालसा झाली, आणि १८६१ साली भंडारा जिल्हा नव्या मध्य प्रांतात आला. १८६४ चा छावणी कायदा आणि १८६८ चा सांसर्गिक रोगांचा कायदा यांनी वेश्यांची सक्तीची नोंदणी, ठरावीक दिवसांनी तपासणी आणि रोग आढळल्यास इस्पितळात कोंडून ठेवणे हा शिरस्ता घातला. या इस्पितळांना लॉक हॉस्पिटल म्हणत. मद्रास फौजेचे ठाणे असलेल्या कामठीत असे एक होते. दाई बायकांना घेऊन येई, डॉक्टर पाही, तिकिटावर शेरा मारी. तपासणी एकट्या बाईची, शिपायाची नव्हे. आणि पाहायचे ते कातडी व योनिमार्ग, म्हणजे चट्टा दिसतो का एवढेच. चट्टा नसलेली पण रक्तात रोग असलेली बाई ‘निरोगी’ ठरे, आणि गोऱ्या शिपायांचे आकडे काही खाली येत नसत. १८८६ साली सरसेनापती रॉबर्ट्सच्या कारकिर्दीत पलटणींसाठी पुरेशा आणि देखण्या बायका ठेवाव्यात असे परिपत्रकच निघाले. ते विलायतेत फुटले तेव्हा जोसेफिन बटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या कायद्याविरुद्धच्या चळवळीला हत्यार मिळाले, आणि १८८८ साली सांसर्गिक रोगांचा कायदा रद्द झाला. त्यानंतर १८९५ च्या सुमारास गोऱ्या फौजेत दर हजारी पाचशेच्या वर शिपाई गुप्तरोगाने इस्पितळात दाखल होत, म्हणून कायदा परत आणा अशी ओरड झाली. या साऱ्या वादात दोन्ही बाजूंच्या तोंडी छावणीच होती. शिपायाने विलायतेतून आणलेला किंवा इथे घेतलेला रोग कुणाच्या घरी गेला, बाजारबुणग्यांबरोबर रस्त्यारस्त्याने कुठवर पसरला, हा प्रश्न कुणाच्या कामाचा नव्हता.

आणि रस्ते तर होतेच. नागपूरहून रायपूरकडे जाणारा मोठा रस्ता भंडाऱ्यावरून जातो. १८८० च्या दशकात छत्तीसगडकडे रेल्वे निघाली, तुमसर आणि गोंदिया ही ठाणी भरभराटली. विसाव्या शतकाच्या आरंभी तुमसरजवळच्या डोंगराळ भागात, चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या बाजूला मँगनीजच्या खाणी सुरू झाल्या आणि मजुरांच्या वस्त्या उठल्या. धानाची रोवणी-कापणी संपली की माणसे काम शोधत बाहेर पडत, आणि हंगामाला परतत. जगात जिथे जिथे खाण, रेल्वे आणि हंगामी मजुरी आली, तिथे गरमी पोचली. पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीने त्याला अपवाद असावे असे कोणतेही कारण नाही. याच काळात विज्ञानाने रोगाचे आतले रूप उघडे केले. १९०५ साली शाउडिन आणि हॉफमान यांनी जंतू दाखवला, १९०६ साली वासरमनची रक्तचाचणी आली, १९१० साली एर्लिखचे सॅल्व्हारसान हे औषध. १९१३ साली नोगुची आणि मूर यांनी वेड लागून मेलेल्या रोग्यांच्या मेंदूत हाच जंतू शोधून काढला. नॉर्वेत ओस्लोच्या बोक या डॉक्टरने तर १८९१ ते १९१० या काळात सुमारे दोन हजार रोग्यांना पारा द्यायचे नाकारले, कारण त्याला पारा अपायकारक वाटे. पुढे त्या रोग्यांचा माग काढल्यावर दिसले, की उपचार न झालेल्यांपैकी चौथ्या हिश्शाहून थोड्या अधिक लोकांना रोगाने उत्तरायुष्यात पुन्हा गाठले, आणि दहापैकी सुमारे एकाच्या हृदयाला वा महारोहिणीला. पण जंतूच्या शोधांमुळे १९१५ च्या आतच, गरमी हा सबंध शरीराचा रोग आहे हे सिद्ध झाले होते. भंडाऱ्याच्या ठाण्यावरच्या रजिस्टरातले रकाने मात्र तसेच राहिले. मराठीत हा विषय उघडपणे मांडणारे र. धों. कर्वे यांनी गुप्तरोगांपासूनच्या बचावावर स्वतंत्र पुस्तक लिहिले, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवले, आणि त्याचे बक्षीस म्हणून अश्लीलतेचे खटले झेलले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते. रोगाचे नाव काढणे हाच जिथे गुन्हा, तिथे त्याची नोंद कोण ठेवणार?

यावर पहिला आक्षेप साहजिक आहे: नोंद नाही म्हणजे रोगही नसेल, छावणीपासून दूर, जातपंचायतीच्या धाकात राहणाऱ्या खेड्यांत गरमी कितीशी असणार? या आक्षेपाला उत्तर मिळाले ते फार उशिरा, पण भंडाऱ्याच्या शेजारीच. लाखांदूर तालुक्याला लागून गडचिरोली जिल्हा आहे. तिथल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ साली बायकांची तपासणी केली. आजारी म्हणून दवाखान्यात आलेल्यांची नव्हे, गावात राहणाऱ्या बायकांची. जानेवारी १९८९ मध्ये तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ६५० बायकांपैकी ९२ टक्क्यांना स्त्रीरोग किंवा लैंगिक संसर्गाचा काही ना काही विकार होता; एकीला सरासरी साडेतीनाहून अधिक. आणि त्यांतल्या जेमतेम आठ टक्क्यांची कधी तरी अशी तपासणी झाली होती. उपदंशाची रक्तचाचणी सुमारे दहातल्या एकीची होकारार्थी निघाली. या बायका कुठल्याही वहीत नोंदवलेल्या नव्हत्या. घरधनिणी, सुना, लेकी होत्या. कुणी तरी पहिल्यांदाच गावात जाऊन रक्त तपासले, एवढाच काय तो फरक. १९४९ साली जागतिक आरोग्य संघटनेचे पथक हिमाचलच्या डोंगराळ गावांत गेले तेव्हाही हाच धडा मिळाला होता: शोधाल तिथे सापडेल. शोधायचे कुठे हे आधीच ठरवून टाकले, तर सापडणार तिथेच.

पुरावे मागणाऱ्याला यावरही एक बारीक खोच काढता येते, आणि ती दुर्लक्षण्याजोगी नाही. गडचिरोली, जुना चांदा, बस्तर या जंगलपट्ट्यात उपदंशाचा एक सख्खा भाऊ पूर्वापार होता: यॉज, ज्याला त्या मुलखात माडिया रोग म्हणत. जंतू जवळजवळ तोच, पण तो लहान मुलांत उघड्या जखमेच्या स्पर्शाने पसरतो, त्वचा आणि हाडे खातो, आणि हृदय-मेंदू-मूत्रपिंड बहुधा सोडून देतो. साध्या रक्तचाचणीला या दोघांतला फरक कळत नाही. तेव्हा त्या दहातल्या एकीपैकी काहींना लहानपणीचा यॉज असेल, असे कुणी म्हटले तर ते मान्य करायला हवे. पण हाच आक्षेप मला माझ्या मुद्द्याचा सर्वांत बळकट पुरावा वाटतो. १९५० च्या दशकात पेनिसिलिन आले. १९५५ पासून तर ते पुण्याजवळ पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये बनू लागले. यॉजसाठी कार्यकर्ते पाड्यापाड्यावर गेले, रोगी पाहिला आणि त्याच्या सहवासातल्या सगळ्यांना सुई टोचली. १९९६ पासून पुन्हा कंबर कसली गेली; शेवटचा रोगी २००३ साली सापडला, २००६ साली देशातून यॉज गेल्याचे जाहीर झाले, २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यावर शिक्कामोर्तब केले. तोच जंतुपरिवार, तेच औषध. एक भाऊ गेला आणि दुसरा, जो आतले अवयव घेतो तो अधिक घातकी, राहिला. उपदंशाचा रोगी वर्षानुवर्षे लक्षणांविना असतो आणि त्याचा प्रसार शय्येतला असतो, त्यामुळे तो हुडकणे अधिक अवघड, हे खरेच. पण यॉजच्या पोराला घेऊन आई दाराबाहेर येत होती, आणि गरमीचा चट्टा दाखवायला नवरा तयार नव्हता, हेही तितकेच खरे. वैद्यकाची अडचण निम्मी होती. उरलेली निम्मी छावणीच्या वहीने घालून दिलेल्या बट्ट्याची होती.

दुसरा आक्षेप आजचा आहे. गल्लोगल्ली अँटिबायोटिक मिळतात, महारोहिणीचे ते जुने फुगे आता क्वचित दिसतात, आणि मूत्रपिंडाचे म्हणाल तर पूर्व विदर्भात मधुमेह, रक्तदाब आणि सिकलसेल यांनी बिघडलेली मूत्रपिंडे कितीतरी अधिक. मग उपदंशामुळे होणाऱ्या दुर्मीळ इजेचा एवढा बाऊ कशाला? दुर्मीळपणा मी नाकारत नाही. पण वैद्यकात दुर्मीळ रोगाची किंमत त्याच्या संख्येवरून नव्हे, तो सुटला तर काय होते यावरून ठरते. सूज आणि लघवीतले प्रथिन पाहून मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासला, तर उपदंशाची इजा आणि इतर अनेक कारणांची इजा सूक्ष्मदर्शकाखाली सारखीच दिसू शकते. कारण न शोधता महिनोन्महिने स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली, तर आतला जंतू तसाच राहतो. उलट रक्ताची एक स्वस्त चाचणी केली आणि उपदंश निघाला, तर लवकरच्या अवस्थेत बेंझाथिन पेनिसिलिनच्या २४ लाख युनिटांच्या एकाच मात्रेने, बहुतेकांची लघवी काही आठवड्यांत-महिन्यांत पूर्ववत होते. मूत्रपिंडाचे किती विकार असे सुईने बरे होतात? तो जंतू आजवर पेनिसिलिनला शरण गेल्याशिवाय राहिलेला नाही, आणि चुकून घेतलेल्या भलत्याच गोळ्यांनी तो मरतो असे मात्र समजू नये. अर्धवट औषधाने लक्षणे झाकतात, रोग राहतो. महारोहिणी फुगल्यावर किंवा मेंदू खाल्ला गेल्यावर तेच पेनिसिलिन पुढची हानी थांबवते, गेलेले परत आणत नाही. म्हणून सारा प्रश्न वेळेचा आहे, आणि वेळ साधायची तर चट्ट्याची वाट पाहून भागत नाही.

तिसरा आक्षेप उघड बोलला जात नाही, पण तोच सर्वांत चिवट आहे: भल्या घरच्या बाईची असली चाचणी करणे हा तिचा अपमान. कामठीच्या तिकिटाचा हा थेट वारसा आहे. तिथे चाचणी ही शिक्षा होती, निवडून काढलेल्या बायकांवर लादलेली, म्हणून चाचणी झाली म्हणजे संशय घेतला गेला, हे समीकरण रुजले. त्यावरचा उतारा चाचणी टाळणे हा नाही. ती सगळ्यांची करणे हा आहे. गरोदर बाईचे नाव प्राथमिक आरोग्य केंद्रात नोंदले, की तिच्या रक्तगटाबरोबर आणि हिमोग्लोबिनबरोबर उपदंशाचीही तपासणी व्हावी, असा आज सरकारी नियमच आहे, आणि जिल्हा रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये गुप्तरोगांचा उपचार होतो. सगळ्यांची होते म्हटल्यावर कुणाकडे बोट दाखवले जात नाही. या तपासणीने एकाच वेळी तीन जीव हाती लागतात: आई, पोटातले मूल, आणि नवरा, ज्याला त्या जुन्या कायद्याने कधी तपासलेच नव्हते. नवऱ्याला बोलावून सुई दिल्याशिवाय बाईचा उपचार पुरा धरू नये, एवढे जरी आरोग्य केंद्राने पाळले तरी १८६८ च्या कायद्याची अर्धी चूक दुरुस्त होईल. आणि सूज घेऊन आलेल्या भंडाऱ्याच्या, तुमसरच्या, साकोलीच्या तरुण रोग्याची साखर, रक्तदाब, सिकलसेल तपासताना त्याच नळीतले रक्त उपदंशासाठीही पाहणे, ही उरलेली अर्धी. त्यासाठी नवे औषध नको, नवा कायदा नको. हा रोग कुणाला होतो याबद्दल दीडशे वर्षांपूर्वी छावणीने ठरवून दिलेले उत्तर बाजूला ठेवावे लागेल, आणि तो शरीरात कुठे कुठे जातो, हे आधी पाहावे लागेल.